शेजारणीसाठी धरलेली जागा

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलेही आहे. वडाखालची ती बाई नेहमी मोटारसायकलवरच्या पुरुषांनाच कशी दिसते, बस स्टँडवरून पायी येणाऱ्या बाईला कधीच कशी दिसत नाही, असं मी एकदा कमेंटमध्ये विचारलंही होतं. गेवराईत मी शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवते. तिठ्यावर उतारा दिसला तर वळसा न घालता सरळ जाते. तेव्हा मी अशातली नाही, एवढं आधी लक्षात घ्या... आणि आता हसायची पाळी तुमची.

माझ्या अनुभवात ना वड आहे ना अमावस्या. एक व्हिडिओ गेम आहे.

पुण्याच्या मैत्रिणीने तिचं जुनं, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन मला दिलं होतं. त्यात गाव वसवायचा एक गेम आहे. मारामारी नाही, काही नाही. झाडं लावायची, मासे धरायचे, वाटा आखायच्या. शेजारी म्हणून प्राणी राहायला येतात — बेडूक, अस्वल, बदक वगैरे. सगळं गोड, फक्त एक गोष्ट सोडून. हे शेजारी घर कुठे बांधणार ते आपल्याला विचारत नाहीत! मी महिनाभर खपून झेंडूचा ताटवा केला, आणि बदकाने नेमकं त्याच्यावर घर ठोकलं. पुलाच्या तोंडाशी अस्वल. माझ्या दारासमोरच्या वाटेवर आडवा बेडूक. एकदा बांधलं की ते घर तुम्हाला हलवता येत नाही. खऱ्या शेजाऱ्यांशी बांधावरून भांडता तरी येतं, इथे तेही नाही. मी टीव्हीसमोर बसून बेडकाला शिव्या द्यायचे आणि आमचे हे सोफ्यावरून म्हणायचे, "तहसीलदाराकडे अर्ज कर."

तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली होती. आईला मुलगा नाही, मी एकटीच. जावयाच्या घरी राहते म्हणून उमापूरकडच्या आमच्या वस्तीवर लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पण वडील गेलेले आणि आईची पाठ पार कामातून गेलेली. अर्धं आयुष्य ऊसतोडीला गेलेली बाई, डोक्यावर मोळ्या वाहून मणके झिजलेले. दिवसभर पलंगावर पडून असायची. टीव्हीवर माझा गेम चाललेला बघून आधी तिला वाटलं मालिकाच आहे.

मग एका रविवारी तिने विचारलं, "मला बी घर दील का गं त्यो गेम?"

मी तिचं बाहुलं तयार केलं. हिरवा झगा घातला, कपाळावर टिकली काढली. या गेममध्ये नव्या माणसाला आधी घर नाही, तंबू मिळतो. तो बघून आई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

"आगं ही तर कोपीच हाय! बदकाला पक्कं घर अन् मान्साला कोपी. हितं बी तेच का?"

कोपी म्हणजे ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याजवळच्या रानात बांधायचं खोपट. बांबू, चटई, वर उसाचं पाचट. माझा जन्म तसल्याच एका कोपीतला आहे.

जागा निवडायला आईने अख्खं गाव फिरवायला लावलं. नदीकाठ नको, साप निघतात. टेकडीखाली नको, पाणी वाहून येतं. शेवटी एका उंचवट्यावर तिचं मन बसलं. पण मग वेगळीच कुरकुर सुरू झाली. त्या गेममध्ये सगळ्या घरांची दारं एकाच बाजूला असतात. खाली, म्हणजे बघणाऱ्याकडे. घर कुठेही असो, दार फिरवता येत नाही.

"हे कसलं गाव? येकाचं बी दार दुसऱ्याकडं न्हाई. आमच्या तळावर कोप्या दाराला दार लावून असायच्या. म्या पान्याला गेले की समोरून सुभीनं तुझ्याकडं बघायचं. ती गेली की म्या तिच्या पोराकडं. हितं एखादी मेली तरी कळायचं न्हाई कुनाला."

सुभी म्हणजे सुभद्रा. आईची तळावरची शेजारीण. नात्यागोत्याची नव्हे, गाव दुसरं, पण एकाच टोळीतली. वर्षानुवर्षं दोघींच्या कोप्या समोरासमोर. आई तिच्या तक्रारी सांगायची त्या अशा की ऐकणाऱ्याला वाटावं सात जन्माची वैरीण आहे. "लई खेटून कोपी घालायची. तिच्या चुलीचा सगळा धूर माझ्या डोळ्यात." आणि असं म्हणताना डोळे पुसायची, त्यात धूर कुठला होता!

तंबू उभा राहिल्यावर आईने मला तंबूच्या शेजारी तीन दगड ठेवायला लावले. नुसते नव्हे, चुलीला मांडतात तसे. मी विचारलं, हे कशाला?

"जागा धराया. मागून येनारा कोयता असला, की आधी गेलेल्यानं त्याच्यासाठी तीन दगूड मांडायचे. मग तितं कोनी कोपी घालत न्हाई. मुकादम बी न्हाई."

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मला माहीत होतं ती कुणासाठी जागा धरतेय. मी लहान असताना एका वर्षी सुभद्राकाकूच्या घरी काही अडचण होती म्हणून ते दोघं मागून येणार होते. आईने तळावर पोचल्या पोचल्या समोर तीन दगड मांडले. मागून निघालेला ट्रॅक्टर वाटेत उलटला. काकू पोचलीच नाही, तिचा नवराही नाही. तरी तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून सगळे परत फिरेपर्यंत, टोळीतल्या कुणी ते दगड हलवले नाहीत. आईची कोपी सबंध हंगाम मोकळ्या जागेकडे तोंड करून राहिली. हे ती फार बोलायची नाही. पण त्यानंतर तिने कुणाशी तसं शेजारपण केलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर तीन दगड मांडले. आणि पुढच्याच आठवड्यात त्या दगडांवर एका शेळीने घर बांधलं.

नवीन शेजारीण आली होती, पांढरी शेळी. गावभर जागा मोकळी पडलेली, आणि हिचं घर नेमकं तिथेच, आईच्या तंबूला खेटून. आई बघतच राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचा चेहरा पडला. "दगूड मोडून कोनी घर घालत न्हाई गं," एवढंच म्हणाली. मी समजावलं की अगं, तो गेम आहे, त्या शेळीला काय माहीत दगडाचा अर्थ. ती म्हणाली, "समद्यांना म्हाईत असतं." त्या दिवशी तिने भाकरी अर्धी ठेवली.

मग मात्र मी इरेला पेटले. ही युक्ती गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल... सेव्ह न करता मशीन बंद करायचं आणि तो दिवस पुन्हा सुरू करायचा. शेजारी येतो, पण घराची जागा दर वेळी वेगळी पडते. बदक-बेडकाच्या वेळी ही युक्ती माहीत नव्हती, पण नंतरच्या एका शेजाऱ्यावर मी ती करून पाहिली होती. एकदा त्याचं घर विहिरीजवळ पडलं, एकदा टेकडीवर. शेळीच्या बाबतीत मी हे कितीदा केलं याची गणती नाही. दर वेळी घर त्याच तीन दगडांवर. यांना दाखवलं, तर म्हणाले, प्रोग्रॅम अडकला असेल. मलाही तेच वाटलं. चिडून मी मशीन गुंडाळून ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई उशाला टेकून बसलेली, हातात रिमोटसारखं ते बटणांचं यंत्र. मी शिकवलं होतं तेवढं चालवायला तिला यायचं. टीव्हीवर तिचं बाहुलं शेळीसमोर उभं होतं. आईला इंग्रजी येत नाही आणि शेळी बोलते ती नुसती चिवचिव, अक्षरं खाली इंग्रजीत येतात.

"राहू दे तिला," आई म्हणाली. "आता तिला हलवू नगं."

"का गं? काल तर जेवली नाहीस."

"मला वाटलं कोन परकी हाय. पन जिच्यासाठी दगूड मांडलते तीच आली, तर मोडले कुटं? उशीर झाला तिला, एवढंच."

तुम्ही काय बोलला असता? म्हातारीला बरं वाटतंय, वाटू दे. उलट मला हसू येत होतं, कारण त्यानंतर आईच्या जुन्या तक्रारी नव्याने सुरू झाल्या. "लई खेटून घातलंय. कावून गं सुभे, गावात जागा नव्हती का?" शेळी चिवचिवायची आणि आई उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायची. इतकी खुशीत मी तिला वडील असतानाही पाहिली नव्हती. फक्त दारांचं तेवढं तिला शेवटपर्यंत खुपलं. दोघी खेटून, पण दारं समोरासमोर नाहीत. "तिचं तोंड दिसत न्हाई मला घरातून," म्हणायची.

एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ती शेळीला सांगत होती, "पोरीकडं बघ बरं का. म्या जरा जाऊन येते."

पाण्याला जाताना तळावर हेच वाक्य म्हणायच्या त्या. मला वाटलं जुन्या आठवणीत रमली असेल.

आई त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास काही झाला नाही म्हणे. सगळे हेच सांगतात आणि आपण मान हलवतो. वस्तीवर नेऊन सगळं केलं, तेरावा केला. मशीन मी कपाटात टाकून दिलं. टीव्हीकडे बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, ट्रॉलीत भांडी, शेळ्या, गाठोडी आणि त्यावर बसलेली लहान पोरं. मी गॅलरीत उभी होते. एक बाई मांडीवरच्या पोरीच्या डोक्यावर पदर धरून बसली होती. मला आत येऊन रडू फुटलं. आणि मग का कोण जाणे, मी मशीन काढलं.

अशा गेममध्ये बरेच दिवस गेलं नाही की गावात तण माजतं. माजलंच होतं. माझ्या घराला, पुलाला, सगळीकडे. बदक आणि बेडूक नेहमीसारखे म्हणाले, बरेच दिवसांनी आलीस. मी आईच्या उंचवट्याकडे गेले.

तिथे तण नव्हतं. एक काडी नव्हती. सडा घालण्याआधी अंगण झाडावं तसं झाडलेलं.

आणि दारं फिरलेली होती.

आईच्या तंबूचं दार शेळीच्या घराकडे. शेळीच्या घराचं दार आईच्या तंबूकडे. आधी खेटलेली ती घरं सरकून आता मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंगण. पहिल्यांदा आठवलं ते हेच की या गेममध्ये दार फिरत नाही. कुणाचंच फिरत नाही. मग लक्षात आलं, या दोन घरांच्या कडेला, जरा अंतर सोडून, तीन दगड मांडलेत. चुलीला मांडतात तसे.

यांना हाक मारली. हे आले, पाहिलं, आणि नेहमीची चेष्टा सोडून विचारलं, "तू केलंस?" मी नाही म्हटलं. मशीन महिनोन्‌महिने कपाटात, त्या बटणांच्या यंत्राचं चार्जिंगसुद्धा उतरलेलं, आणि घरात आम्ही दोघंच. ते हळूच म्हणाले, "मग ही जागा कुणासाठी धरलीय?"

मी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण ते माझ्या शेजारी बसून राहिले.

गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. कुणी म्हणालं फाइल करप्ट झाली असेल, कुणी म्हणालं कुणीतरी हॅक केलं. असेल. वर्गात एखाद्या पोराने असला प्रश्न विचारला असता, तर मीही असंच काहीतरी सांगितलं असतं. पण करप्ट फाइलला अंगण झाडता येतं का, आणि चुलीचे दगड मांडायला तिला कुणी शिकवलं, हे मला कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

शेळी मात्र शेळीच आहे. तिच्याशी बोलून पाहिलं, तिने हवेविषयी काहीतरी इंग्रजीत सांगितलं. आईचं बाहुलं कुठे दिसलं नाही. मी दार वाजवलं नाही. त्या दोघींना आता घरात बसून एकमेकींचं तोंड दिसत असेल, तेवढं मला पुरे आहे.

हल्ली सणावाराला तेवढा गेम लावते. माझ्या दारासमोरच्या वाटेवरचं तण उपटते, बेडकाला शिव्या देते. उंचवट्यावर जाते, उभी राहते, परत येते. तिथे झाडायला काही उरलेलं नसतं. ते तीन दगड मी हलवलेले नाहीत. मला घाई नाही, आई. पण राहू दे, जागा धरून ठेव.