दादांचा रविवार आणि माझे सिंथेटिक पट्टे

आज सकाळी मी घोड्यावरून पडले, आणि दादांची पहिली पुण्यतिथी झकास साजरी झाली.

काळजी करू नका. कोपर सोलवटलंय, जीन्स फाटलीय, बाकी मी ठणठणीत. कधी एकदा सांगते असं झालंय.

दादा म्हणजे जाधव दादा, माझे रायडिंगचे गुरू. राजेंद्र नगरच्या पुढे त्यांचा पाच घोड्यांचा तबेला. मी नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आले, चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि नेमकी तेव्हा मला घोडा शिकायची हुक्की आली.

पहिल्या दिवशी दादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बैठ तो जाओगी भिया. उतरायला शिकायला टाइम लागेल."

ते सगळ्यांनाच इंदुरी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. मैना नावाच्या घोडीलासुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःचं खोगीर घेतलं. प्रश्न आला पट्ट्यांचा. पाय ठेवायची रिकीब ज्या पट्ट्याने खोगिराला लटकते, तो पट्टा.

चामड्याचा पट्टा सांभाळणं म्हणजे लोणच्याची बरणी सांभाळणं. तेल हवं, ओल नको, आणि बुरशीची कायम धास्ती.

मला सिंथेटिक हवे होते. ओल्या फडक्याने पुसलं की काम फत्ते.

पण दादांना सांगणार कोण? आयुष्यभर त्यांनी परदेशीपुऱ्यातल्या एकाच कारागिराकडून चामड्याचे पट्टे शिवून घेतलेले. मी गुपचूप तीन सिंथेटिक जोड्या मागवल्या आणि ओढणीत गुंडाळून तबेल्यात नेल्या. त्यातली जाडजूड, खरखरीत, एक्स्ट्रा ग्रिपवाली जोडी मला भयंकर आवडली होती.

"ओढणीत काय आहे, दाखव."

चोरी पकडली गेली. मी तो जाड पट्टा खोगिराला लावला आणि अख्खं वजन टाकून लोंबकळले.

"बघा दादा, तुटतच नाही."

"तुटतो का ते नको बघू. सुटतो का बघ."

खोगिराच्या आत एक लोखंडी दांडी असते. पट्टा तिच्यावर नुसता सरकवलेला असतो. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला, तर पट्टा मागे ओढला जाऊन दांडीवरून निघून यायला हवा.

दादांनी माझा लाडका पट्टा मागे ओढला. तो जागचा हलला नाही.

दुसरा अर्ध्यात अडला.

तिसरा दिसायला अगदी साधा. पातळ, गुळगुळीत. सुर्रकन दादांच्या हातात आला.

"हा ठेव."

"सिंथेटिक चालेल तुम्हाला?"

दादांनी डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर करून जुन्या जखमेचा व्रण दाखवला. त्यांचं लंगडणं पोलो खेळताना पडल्यामुळे आहे, असं आम्ही सगळे समजत होतो.

"एक नंबर चामडं होतं. दांडीत फसलं. घोडा मला घसीटत घेऊन गेला, पूरा मैदान. पट्टा तुटला तर आदमी पडतो, भिया. सुटला नाही तर मरतो."

मी बाकीच्या दोन जोड्या त्याच दिवशी परत केल्या.

आता दादांच्या रविवाराबद्दल. आपण घोड्यावर डावीकडून चढतो, त्यामुळे चामड्याचा डावा पट्टा हळूहळू लांबतो. म्हणून जुनी माणसं डावा उजवीकडे, उजवा डावीकडे अशी अदलाबदल करत राहतात. दादा हे दर रविवारी करायचे.

सिंथेटिकच्या आत नायलॉन. ते काही लांबत नाही. तरी दादा माझेही पट्टे दर रविवारी काढायचे, पुसायचे आणि बदलून लावायचे.

मी चिडवायचे. "दादा, हे वाढत नाहीत हो. कंपनीने लिहून दिलंय."

"कंपनी इतवार को आती है क्या देखने?"

दादा गेले आणि मी ते बंद केलं. पट्टे वाढतच नाहीत, तर कशाला बदलायचे? वर्षभर हात लावला नाही. अतिशहाणी मी.

गेल्या रविवारी मनात आलं, पुण्यतिथी येतेय, दादांसाठी काहीतरी करावं. पूजाअर्चा मला जमत नाही. म्हटलं, त्यांची आठवण म्हणून एकदा पट्टे बदलू.

डावा निघेना.

दांडीला गंज, त्यावर वर्षभराचा घाम आणि माती. दोन्ही हातांनी ओढला. खोगिराला पाय लावून ओढला. शेवटी निघाला तेव्हा मी तिथेच बसून रडले. मग दांडी घासली, तेलाचा थेंब लावला, पट्टे धुतले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

आणि आज सकाळी गव्हाच्या शेतातून एक मोर भर्रकन उडाला.

मैना बिथरली. मी डावीकडे खाली, डावा पाय रिकिबीत, आणि मैना उधळलेली. पाठीला एक झटका बसला, जमीन थोडी सरकली.

मग सगळं थांबलं.

मी मातीत उताणी. मैना लांब उभी राहून माझ्याकडे बघतेय. माझ्या पायात रिकीब, रिकिबीला पट्टा, आणि पट्ट्याच्या पुढे नुसती मोकळी हवा.

मी पडल्या पडल्या हसत सुटले. शेतातली बाई धावत आली. "मैडम, सिर पे तो नहीं लगी?"

नाही हो ताई. आज अक्कल आली फक्त.

दादा, मला वाटायचं तुम्ही सवयीने पट्टे बदलता. तुम्ही तर दर रविवारी बघून घेत होतात, की वेळ आली तर मी सुटेन ना. आणि मी तुम्हाला हसायचे. चुकले.

तुमच्या फोटोसाठी हार आणला होता. तो मैनाने खाल्ला.

म्हणून फोटोला आज तोच पट्टा घातलाय. चामड्याचा नाही, त्यामुळे तुमच्या घरच्यांनी, म्हणजे आमच्या वहिनींनीही, हरकत घेतली नाही.

रविवारपर्यंत राहू दे तुमच्याकडे. रविवारी न्यायला येते. बदलायचेत.

नमस्कार, दादा.