दुरुस्तीच्या चिठ्ठ्या

आमचं प्रकाशन म्हणजे पिंप्राळ्यातल्या घराची पुढची खोली आणि माझे वडील. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांसाठी त्यांनी फौजदारी कायद्यावर एक जाडजूड मराठी पुस्तक लिहिलं आणि आयुष्यभर त्याच्याच आवृत्त्या काढल्या. मध्येच सरकारनं एखादं कलम बदललं की आबा बदललेला मजकूर छोट्या चिठ्ठ्यांवर छापून घेत आणि भुसावळपासून साक्रीपर्यंत एकेका वकिलाच्या ऑफिसात जाऊन, त्याच्या पुस्तकात नेमक्या जागी स्वतःच्या हातानं चिकटवून देत. फुकट. माझ्या साखरपुड्याच्या सकाळी हे गृहस्थ साक्रीला खळ लावत बसले होते. आई त्यावरून शेवटपर्यंत टोमणे मारत राहिली.

मग कायदेच बदलले. तीनशे दोनचा खून एकशे तीनवर गेला. चिठ्ठी लावून भागण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा आबांनी ब्याऐंशीव्या वर्षी पुस्तक नव्यानं लिहायला घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात मला वाचायला लावून ते तोंडी सांगत होते. मी म्हणायचे, लिहा हवं तर, पण छापू नका. वकील आता मोबाइलवर कलम काढतात, कालच्या निकालासकट. आपलं पुस्तक घेणार कोण? या एका गोष्टीवरून आम्ही वर्षभर भांडलो. मी तोंडाळ आहेच, तेही काही कमी नाहीत. शेवटी असं ठरलं की धुळ्याच्या त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला विचारायचं. तो नको म्हणाला तर छापखान्यात जायचं नाही.

ते वकीलसाहेब आम्हाला बघून खुर्चीतून उठले, आबांच्या पाया पडले, चहा मागवला. त्यांच्या पाठीमागं कपाट भरून कायद्याची पुस्तकं होती आणि समोर कॉम्प्युटर. व्हिडिओवर सुनावणी असली की मागं पुस्तकं दिसलेली बरी, असं ते मला हसत म्हणाले. आबांना ते ऐकू गेलं नसावं. ते कपाटातलं आपलं पुस्तक शोधत होते आणि सापडल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला, तो पाहून मला माझ्याच हट्टाची लाज वाटली.

"नवी आवृत्ती काढू का?" आबांनी विचारलं.

"काढाच आबा. अहो, आजही जुन्या केसेसना मी रोज हेच उघडतो. याच्याशिवाय काम होत नाही माझं."

आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी हरले हे मला मान्यच करावं लागलं. मग शेवटची दुरुस्ती कुठं लावली होती ते दाखवायला त्यांनी पुस्तक उघडलं.

पान उघडेना.

ही खळ गव्हाच्या पिठाची, घरी शिजवलेली. चिठ्ठी लावून पुस्तक मिटलं की जास्तीची खळ कडेनं बाहेर येते आणि समोरच्या पानाला धरते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर पानं अलगद सुटतात. वापरातल्या पुस्तकाला म्हणूनच कधी काही होत नसे. आबांनी अंगठ्याच्या नखानं कड उचकटून पाहिली. मग मागचं एक पान पाहिलं, मग पुढचं. तीन दुरुस्त्या, तिन्ही ठिकाणी पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. चिठ्ठ्या लावून त्यांनी पुस्तक मिटलं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांत तिथं कुणाचा हातच लागला नव्हता.

वकीलसाहेबांची मान खाली गेली. ते चांगले होते म्हणूनच खोटं बोलले होते.

"माझीच चूक, आबा," मी घाईघाईनं म्हणाले. "तेव्हा मी खळ जास्त लावली. मोबाइलवर बोलत बोलत लावत होते."

आबा एरवी गिऱ्हाइकासमोर शुद्ध बोलायचे. त्या दिवशी त्यांचं भान सुटलं आणि घरची अहिराणी तोंडात आली.

"खोटं कसाले बोलस, बेटा? त्या टाइमले तू येलच नव्हती. खळ मीच लायेल शे."

ते रागावले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू बोलले. पुस्तक त्यांनी सरळ करून परत जागेवर ठेवलं, चहा पूर्ण प्यायले, वकीलसाहेबांच्या नातवाची चौकशी केली. निघताना त्या माणसाचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एसटीत ते खिडकीशी बसले. पारोळा मागं पडला. मग बाहेर बघतच म्हणाले, "छापखानावालाले सांगी दे. आते नको."

हेच ऐकायला मी वर्षभर त्यांच्याशी भांडले होते. ते ऐकलं आणि मला रडू आवरेना. छापू या आबा, एक प्रत तरी छापू या, असं मी म्हणत राहिले, आणि ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले.