मारोतीमामांचा डब्यातला कॉम्प्युटर

आमच्या नांदेडच्या दुकानात बिघडलेलं मशीन फार दिवस राहत नाही. दुरुस्त तरी होतं, नाहीतर भंगारात जातं. किस्सा मात्र राहतो. चहाच्या वेळी कुणीतरी तो काढतो, दुसरा त्यात स्वतःची भर घालतो, आणि वर्षभरात मूळ बिघाड काय होता हे कुणालाच आठवत नाही. म्हणून म्हटलं, निदान एका गावाचे तरी किस्से आहेत तसे लिहून ठेवावेत.

दुकानात आम्ही तिघं. मालक भालेराव सर. पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेत, पण आम्ही उशिरा आलो की अजूनही हजेरी मांडल्यासारखे बघतात. दुसरे फेरोजभाई, वायरमन. तिसरा मी. प्रोग्राम लिहायचे, सेटिंग करायची आणि काही बंद पडलं की पहिल्यांदा बोलणी खायची, हे माझं काम.

गाव अहमदपूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून चहाला जायचं असतं. गावात सहा गल्ल्या, चार दिवसांआड पाणी. प्रत्येक गल्लीचा व्हॉल उघडून तासभर पाणी सोडायचं काम मारोतीमामांचं. आणि गावाचं म्हणणं एकच, मारोती स्वतःच्या गल्लीला जास्त पाणी सोडतो! नामदेव मास्तर नावाचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, "मारोतीला काढा." मामा म्हणाले, "काढा, पर शाबीत करून काढा." शेवटी ठरलं असं की प्रत्येक व्हॉलपाशी सेन्सर बसवायचा, तीन महिने मशीननं मोजायचं आणि मग ग्रामसभेत आकडे वाचून मामांना ठेवायचं की काढायचं ते बघायचं.

ते मशीन आमचं.

*

मशीन म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड. त्यावर लिनक्स चालतं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, सगळा कारभार नखाएवढ्या मेमरी कार्डावर. पहिल्या दिवशी टाकीखाली निम्मं गाव जमलं होतं. सरांनी खिशातून बोर्ड काढून तळहातावर ठेवला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "हा संपूर्ण कॉम्प्युटर आहे."

लोकांनी माना पुढे काढून बघितलं. एक म्हातारबाबा हळूच म्हणाले, "सायब, हे तर लई बारकं हाय. मोठं व्हायला किती दिस लागतेन?"

सर म्हणाले, "हे एवढंच राहतं."

बाबा उठले. "मंग ह्येच्यानं मारोती काय ऐकत न्हाई!"

*

बोर्ड टाकीखालच्या पंपघरात बसवला आणि रस्त्यापलीकडच्या पंचायतीच्या वायफायला जोडला. म्हणजे आम्हाला नांदेडमध्ये बसून तो चालू आहे की नाही ते कळायचं. आठ दिवसांनी तो गायब झाला. मी मामांना फोन लावला.

"मामा, लाइट आहे का?"

"हाय की."

"मशीनवर हिरवा दिवा लागलाय का बघा बरं."

"थांब, बघतो... हाव, लुकलुक करून राहिला."

तेवढ्यात माझ्या लॅपटॉपवर बोर्ड परत आला! मी म्हटलं, झालं, राहू द्या. फोन ठेवला आणि बोर्ड पुन्हा गायब. पुन्हा फोन, पुन्हा "थांब, बघतो", पुन्हा हजर. असं चार वेळा झालं. मला वाटायला लागलं की मशीनला मामांचं तोंड बघितल्याशिवाय करमत नाही.

फेरोजभाई शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी फोन ओढून घेतला. "मामा, बघतो म्हणजे काय करता तुम्ही?"

"झाकन काढतो की."

"कशाचं झाकण?"

"डब्याचं. तुमचा पिलाष्टिकचा डबा काय कामाचा? उंदरानं वायर खाल्ली तर माझी भाकर जाईल. म्या घरचा स्टीलचा डबा आनला."

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून वायफाय बाहेर येत नाही, हे त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. मामांनी झाकण काढून टाकलं, वर फडकं बांधलं, आणि उंदरांचा प्रश्न तसाच नको म्हणून दुसऱ्या दिवशी पंपघरात मांजर आणून ठेवली.

मांजर बोर्डाच्या उबेला डब्यातच झोपायला लागली. तो किस्सा वेगळा आहे, आणि फेरोजभाईंच्या हातावर त्याची खूण आहे.

*

ह्या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं. इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. लाइट आणि नेट दोन्ही गेलं की लाइट परत आल्यावर शेवटची आठवत असलेली वेळ धरून पुढे चालू लागतो. हे मला माहीत होतं, पण एवढ्यात काय होतंय म्हणून मी सोडून दिलं होतं. माझा आळस.

वादळानं दोन दिवस लाइट गेली. आली तेव्हा नेट बंदच होतं. पंचायतीत लावलेल्या टीव्हीवर आम्ही फक्त पाण्याची पाळी कधी सुरू झाली एवढंच दाखवत होतो. किती मिनिटं पाणी गेलं ते सरांनी झाकून ठेवलं होतं. ते आकडे सरांनीच काढायचे आणि ग्रामसभेतच फोडायचे, आम्हीसुद्धा बघायचे नाहीत. सरांच्या अंगातला परीक्षा विभाग अजून गेलेला नाही.

तर टीव्हीवर आलं, पाळी मंगळवारी सुरू झाली. नामदेव मास्तरांनी ते वाचलं आणि मामांना चौकात गाठलं.

"मारोती, मंगळवारी तू उदगीरला लग्नात होतास. मग पाणी कुणी सोडलं?"

"म्या सोडलं बेस्तरवारी. मंगळवारी तर तुमीच माझ्या शेजारी पंगतीत होतात की, मास्तर! जिलबी मागून राहिला होतात."

"जिलबीचं सोड. मशीन मंगळवार म्हणून राहिलंय, म्हणजे तू मशीनलाबी फितवलंस!"

आम्ही जाऊन बोर्डाला सेलवर चालणारं घड्याळ जोडलं. मास्तरांचा विश्वास बसला नाही. ते रोज सकाळी घरचं कॅलेंडर बगलेत धरून पंचायतीत येत आणि तारीख पडताळून बघत. महिना पालटला त्या दिवशी त्यांच्याकडून पान उलटायचं राहिलं. तसेच तरातरा आले, टीव्हीकडे बघितलं आणि ओरडले, "बघा, आता पुढं पळून राहिलंय!"

*

मग बोर्ड दर तासाला आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. अशा वेळी दोष बहुतेक चार्जरचा असतो. गेलो. आमचा दणकट चार्जर गायब, त्याच्या जागी मोबाईलचा मरतुकडा चार्जर.

सर भडकले. पंचायतीच्या शिपायाला विचारलं, मामांना विचारलं, चहावाल्यालाही विचारलं. मामांचा चेहरा एवढासा झाला. आता मशीन बंद पडलं तर गाव म्हणणार, मारोतीनंच पाडलं. सरांनी सगळ्यांसमोर दहा मिनिटं प्रामाणिकपणावर बोलून घेतलं आणि भिंतीवर कागद चिकटवला, "चार्जर नेणाऱ्यावर कारवाई केली जाईल."

परत येताना लोह्याजवळ सरांचा मोबाईल उतरला. त्यांनी बॅगेतून चार्जर काढून गाडीतल्या इन्व्हर्टरला लावला. फेरोजभाईंनी आरशात बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"सर, ये तो अपनाच है."

सरांनी चार्जर उलटापालटा करून बघितला. मागच्या खेपेला त्यांनी पंपघरात मोबाईल लावला होता. थोडा वेळ बाहेरची सोयाबीन बघितली. मग म्हणाले, "चौकशी बंद."

गाडी मात्र वळवायला लावली, आणि मामांची माफी स्वतः मागितली. त्यांच्यातली ही गोष्ट मला आवडते.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्ड मेला. दिवासुद्धा लागेना. डब्यावरचं फडकं सोडून बघतो तर आत झेंडूची दोन फुलं, अक्षता, आणि बोर्डाच्या पिनांवर ओलं हळदकुंकू! नारळाचं पाणीही शिंपडलेलं.

पूजा मामींनी केली होती. मामी म्हणजे मारोतीमामांच्या कौशाबाई. दसऱ्याला घरातला विळा पुजला, मामांचा व्हॉल फिरवायचा पाना पुजला, मग मशीननंच काय घोडं मारलं होतं? फेरोजभाई टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन एकेक पिन साफ करत बसले. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मरंल का ते, भाऊ?"

"नाही मरणार. पण मामी, एवढं काय मागितलं त्याच्याकडं?"

"मागायचं काय? म्हनलं, बाबा, खरं बोल."

फेरोजभाईंनी ब्रश मारायचा थांबवला नाही. तासाभरानं हिरवा दिवा लागला तेव्हा मामींनी मशीनला पुन्हा हात जोडले, पण ह्या वेळी लांबूनच.

*

पुढचा किस्सा माझा आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो.

सरांचा एक नियम आहे, चालत्या मशीनला हात लावायचा नाही. ग्रामसभेला दोन दिवस राहिले असताना मी नांदेडमधून बोर्डाला अपडेट दिलं. का दिलं? स्क्रीनवर "अपडेट उपलब्ध" असं आलं म्हणून. अपडेट अर्ध्यात असताना गावातली लाइट गेली, आणि बोर्ड उठायचं नाव घेईना.

तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी त्या एका कार्डावर. रोज त्यांची दुसरी प्रत काढायची हे माझं काम, आणि सुरुवातीचे आठ दिवस सोडले तर मी ते केलं नव्हतं. लगेच गाडी काढून गावाकडे निघालो. मला खरंच भीती वाटत होती, आणि ती नोकरीची नव्हती.

पंपघरात कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. लॅपटॉप म्हणाला, हे वाचता येत नाही. मारोतीमामा शेजारी उकिडवे बसले होते.

"काय म्हनून राहिलं?"

"वाचता येत नाही म्हणतंय, मामा."

"मलाबी येत न्हाई. म्हनून काय झालं? पुन्यांदा इचार."

मी आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढली आणि त्या नकलेवर तपासणीची कमांड चालवली. एक ओळ, दुसरी ओळ, शेकडो ओळी. दुपार उतरेपर्यंत मामांनी तीनदा चहा आणला आणि दर वेळी तेवढंच विचारलं, "बोललं का?" चौथ्या चहाला फाइल उघडली. सगळ्या पाळ्या जागेवर होत्या. मी वर बघितलं तर सर मागे उभे. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार.

सर म्हणाले, "फाइल बंद कर. आकडे बघायचे नाहीत."

*

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या लिंबाखाली भरली. नेहमी कोरम भरायची मारामार, त्या दिवशी बायकासुद्धा झाडून आल्या होत्या. मारोतीमामा एकटेच टाकीच्या कठड्याला टेकून उभे होते. सरांनी पाकीट फोडलं.

"वेशीची गल्ली, दर पाळीला साठ मिनिटं. बाजार गल्ली, साठ. विहाराची गल्ली, एकसष्ट. वरची गल्ली, साठ. खालची गल्ली, साठ."

राहिली शाळेची गल्ली. मामांची. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"शाळेची गल्ली, पंचेचाळीस."

नामदेव मास्तर उठले. "सेन्सर बिघडला असंल."

"सेन्सर नाही बिघडला," फेरोजभाई म्हणाले. "मधे मी सगळे सेन्सर अदलाबदल करून बसवले होते. आधीही तेच, नंतरही तेच."

मास्तरांनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला. "मारोती, का रे?"

मामा टाकीकडे बघत होते. "लोकं नावं ठिवतेत, मास्तर," एवढंच म्हणाले.

मास्तर सभेकडे वळले आणि म्हणाले, "माझा ठराव मी मागं घेतो. मारोतीच पाणी सोडंल." टाळ्या वाजल्या. मामांनी पहिल्यांदाच मान वर केली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कौशामामी उठल्या.

"सायब, आमची गल्ली पुन्यांदा वाचा."

सरांनी वाचली. "पंचेचाळीस."

"आन बाकीच्यायला तास?"

"हो."

"दर पाळीला?"

"दर पाळीला, बाई."

मामींनी पदर कमरेला खोचला आणि मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, कामावर तुमी ठिवलं ह्यान्ला, बरं झालं. आता घरात ठिवायचं का न्हाई, ते मी बघते!"