चुन्याच्या रेघांमधली खोली

ऐंशी सालाच्या त्या दिवसांत मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आर्किटेक्ट म्हणायला कोणाची जीभ वळत नसे. मी नक्शेवाला. फार तर इंजिनियर साहेब. नागपूरला एवढं शिकून आलो ते काय यासाठी, म्हणून मी चिडायचो, आणि चिडलो की हमखास पेन्सिलीचं टोक मोडायचं. पण खरं सांगतो, त्या कामाचं मला वेड होतं. बोर्डावर स्वयंपाकघर काढता काढता तिथली फोडणी ऐकू यायची. अजून नसलेल्या ओसरीवरून ऊन सरकताना दिसायचं. स्टेशनातून छोट्या लाइनीच्या आगगाडीची शिटी झाली की भानावर यायचो, तर समोरच्या चहावर साय धरलेली असायची.

लोकांना मात्र कागदावरचं घर काही केल्या दिसत नसे. नक्शा उलटा धरून 'वा, छान' म्हणणारे कितीतरी भेटले. म्हणून मी माझी एक रीत पाडली. पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून अख्खं घर खऱ्या मापात आखायचं आणि दारांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. खुदाईला दारं कशाला, म्हणून मिस्त्री कुरकुरायचा. कुरकुरू दे.

जंगल खात्यातून रिटायर झालेले एक काका तेव्हा लालबर्र्याच्या रस्त्याला घर बांधत होते. लामता, परसवाडा, पुन्हा लामता, असा सारा जन्म सरकारी क्वार्टरांत गेलेला. माझ्या ऑफिसात बोलायचे ते एकटेच. काकू शेजारी गप्प बसायच्या. एकदा ते पान खायला खाली उतरले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, मले एक खोली पायजे. लहानशी चालते."

"काय करणार खोलीत?"

"काही नाही. बसीन."

मी बैठकीला लागून एक खोली काढली. काकांनी ती पाहिली मात्र, भडकलेच. "तुले काहून पायजे वेगळी खोली? सारं घर तुह्यंच तं आहे! साहेब, हे भित काढा. बैठक मोठी करा. चार लोक येतात, जातात."

काकू "हौ" म्हणाल्या. त्या हौचा मला असा राग आला की काय सांगू. त्यांचा आला, काकांचा आला, मुकाट्याने रबर उचलणाऱ्या माझा स्वतःचाही आला.

आखणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. धानाची कापणी झालेली, वैनगंगेकडून गारवा येत होता. काका यायच्या आत मी मिस्त्रीला सांगितलं, "इथे भिंत टाक." काकूंच्या खोलीची, नक्श्यातून पुसलेली, तरी टाकली. धुक्यात त्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या, बाकी जग पुसलेलं. घर जमिनीवर उगवून आलं होतं आणि मी त्यात उगाच फिरत होतो.

काका काकूंना घेऊन आले आणि पाहताक्षणी म्हणाले, "हे रेघ कशाची?"

"नको असली तर पुसू. पायानेही पुसली जाईल," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा. ते "पुसाच" म्हणून विहिरीची जागा दाखवायला मिस्त्रीला घेऊन गेले.

मी रेघेपाशी गेलो खरा, पण पुसवेना. कारण काकू घरात शिरल्या होत्या. पुढच्या दारातून आत, बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून त्या खोलीत. भिंतीची एकही रेघ त्यांनी ओलांडली नाही. खोलीत जाऊन त्या खाली मातीवर बसल्या, पदर सारखा केला आणि समोरच्या धुक्याकडे बघत राहिल्या. मी लांबच थांबलो.

"चाल वं, उशीर होऊन राह्यला," काकांनी हाक मारली. काकू हलल्या नाहीत. काका तरातरा चालत आले. आता काका रेघ तुडवून सरळ आत घुसणार, असं वाटून मी पुढे झालो.

रेघेपाशी त्यांचा पाय उचललेला तसाच राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला. वळसा घालून पुढच्या दाराने बैठकीत आले, स्वयंपाकघर पार केलं आणि खोलीच्या मोकळ्या जागेशी थांबले. त्या माणसाचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"येऊ का आत?"

काकूंनी मान वळवली. "चपला बाहेर काढा."

उघड्या शेतात काकांनी चपला काढल्या, आत गेले आणि काकूंच्या बाजूला मांडी घालून बसले. मग मला म्हणाले, "साहेब, हे भित जाड घ्या. बैठकीतला आवाज हिले नाही आला पायजे."