उसवलेला खांदा

आज पेटीतले कपडे उन्हात टाकताना सुमनचा निळा ब्लाउज हाती आला. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि खांद्यावरची शिवण अजून तशीच उसवलेली होती.

ती उसवली त्या सकाळी तळा गावचे पाहुणे माझ्या लेकीला, सुमनला बघायला येणार होते. ती शाळेपासून कबड्डी खेळायची. तिचे रुंद खांदे शिंप्याकडून मोजून घ्यायची मला लाज वाटली, म्हणून मापाला मी जावेच्या लेकीचा ब्लाउज दिला होता. सुमनने हात वर केला आणि शिवण टरकन गेली.

"आता हे पुरुषी खांदे झाकशील कशानं?" जाऊबाई म्हणाल्या. "तिचा खेळ बंद कर, सांगत होते का न्हाय?"

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. पिन लावायलाही वेळ उरला नव्हता. मी तिचा पदर दोन्ही खांद्यांवर ओढला आणि म्हटलं, "खांदे आत घेऊन बस."

पोहे देताना पदर घसरलाच. मुलाच्या आईने उसवलेल्या खांद्यावर हात ठेवला. आता या उठून जाणार, असं मला वाटलं.

"खेळून मांस भरतं," त्या म्हणाल्या. "हाड न्हाय रुंद होत. हाड आईचं हाय. बघा की तिच्याकडं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आणखीच वाकले.

लग्न जमलं. सुमन तिकडे ताठ चालते.

आज मी दाराला कडी घातली, तो ब्लाउज माझ्या खांद्यांवर धरला आणि आरशासमोर हळूच ताठ झाले. दोन्हीकडून तो अपुरा पडला.