माश्या, जिभा आणि हुपरीचा डीएनए

आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटची जुनी माणसं एकत्र बसली की एका किश्श्यावर भागत नाही बघा. एकानं सुरुवात करायची खोटी, दुसरा लगेच "आणि ते माश्यांचं सांगितलंस का?" म्हणून तोंड घालतो. चहा गार होतो, घरची माणसं कंटाळून उठून जातात, आणि आम्ही आपले डोळे पुसत हसतोय!

सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर. मी नवी डेमॉन्स्ट्रेटर, आणि आमचे हेड इनामदार सर जेनेटिक्सनं झपाटलेले. युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. तिला पसंत पडलं तर बी.एस्सी.ला जेनेटिक्स हा स्पेशल विषय मिळणार. सर रोज म्हणायचे, "या वेळी नाही मिळाला, तर रिटायर होईपर्यंत मी बेडूकच कापणार!" हे बोलताना त्यांचा चेहरा असा उतरायचा, की बेडकापेक्षा सरांचीच दया यायची.

* * *

जेनेटिक्स म्हटलं की फळमाश्या आल्याच. लाल डोळ्यांची आणि पांढऱ्या डोळ्यांची जोडी लावायची, आणि पिलांचे डोळे कसले निघतात ते बघायचं. त्यांना खायला मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालायचा. बाकीच्या गावांत काय घालत असतील ते असो, आमच्या माश्यांना अस्सल कोल्हापुरी गूळ! लॅब असिस्टंट बाबालाल ते असं घोटायचा, की व्हरांडाभर वास सुटायचा.

एकदा प्रिन्सिपल राउंडला आले. बाबालाल बाटल्या आणायला गेलेला. साहेबांनी पातेल्यात चमचा घातला, खाल्ला, वर आणखी एक खाल्ला! मी दारातच थिजले. बुरशीचं औषध अजून घातलं नव्हतं, हेच नशीब.

"शिरा झकास झालाय," साहेब म्हणाले. "वेलदोडा तेवढा विसरलात!"

* * *

या माश्यांच्या माद्या नराशी गाठ पडायच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणजे सकाळी उजाडायला लॅबमध्ये हजर! माझं नुकतंच लग्न झालेलं. सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या सकाळी कॉलेजात काय काढलंयस?"

मी खरं ते सांगितलं. "नर आणि माद्या वेगळे करायचे असतात. एकमेकांजवळ जायच्या आत."

सासूबाई चहा गाळता गाळता थांबल्या. "चांगलं काम हाय की! मग जरा कॉलेजातल्या पोरापोरींचं बी बघा!"

* * *

हुपरीचा रावसाहेब आमचा लाडका विद्यार्थी. लाडका म्हणजे, एकदा नापास होऊन पुन्हा आमच्याकडंच आलेला. जिभेच्या कडा वळवून नळी करता येणं हा आनुवंशिक गुण, असं तेव्हा आम्ही शिकवायचो. सरांनी सांगितलं, गावातली माणसं तपासून आण.

गड्यानं एस.टी.तच सुरुवात केली. "पावणं, जरा जीभ दाखवा की!"

कंडक्टर ओरडला, "तू आधी तिकीट दाखव!"

पुढं गावात, चावडीवर बसलेल्या एकालाही जीभ वळवता आली नाही. सर आनंदानं उडालेच. "सगळ्या चावडीत हा गुणच नाही? सगळी रिसेसिव्ह? अरे, यावर पेपर लिहू आपण!"

"तसं न्हाय सर," रावसाहेब मान खाजवत म्हणाला. "पहिल्यांदा सरपंचांना वळंना. मग बाकीच्यांनी कशाला वळवायची?"

* * *

जीन म्हणजे नक्की काय, हे सर दरवर्षी नवं सांगायचे. आधी तो दोऱ्यात ओवलेला मणी होता. मग एक जीन म्हणजे एक एन्झाइम. पुढं डीएनएचा तुकडा झाला. त्यांचा तरी काय दोष? शास्त्रच पळत होतं!

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी रावसाहेबला विचारलं, "जीन म्हणजे काय?"

"सर, गेल्या वर्षीचं सांगू का यंदाचं?"

परीक्षक म्हणाले, "पुढच्या वर्षीचं ठाऊक असेल तर तेच सांग बाबा, मलाही पाहिजे!"

* * *

कमिटी यायच्या आधी सरांच्या डोक्यात आलं, डीएनएचं मॉडेल पाहिजे. रावसाहेबचे मामा हुपरीत चांदीची पैंजणं करायचे. सरांनी त्यांना चित्र पाठवलं. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या, मध्ये शिडीसारख्या पायऱ्या.

मामा आले ते कमिटीच्याच दिवशी, सकाळच्या एस.टी.नं. फडकं सोडलं. काय काम होतं म्हणून सांगू! पीळ झकास, पायऱ्या झकास. पण दोन्ही टोकं जोडून गोल केलेलं, आणि खाली घुंगरं!

"अहो मामा, हे पैंजण झालं की!"

"टोकं मोकळी ठिवून आमच्याकडचा माल भाईर पडत न्हाय. पायाला रुतल्यावर?"

तोवर कमिटी जिन्यावर! सर माझ्या कानात पुटपुटले, "संपलं. बेडूक!"

चेअरमननी मॉडेल उचललं. छुम! "इनामदार, हा गोल कसा?"

सरांनी ठोकून दिलं. "बॅक्टेरियाचा आहे, सर. त्यांचा डीएनए गोलच असतो."

"ते बरोबर." घुंगरांचं त्यांनी विचारलं नाही, उपकारच झाले. "पण डीएनएची खरी कमाल काय? आपल्यासारखाच दुसरा तयार करणं! ते या मॉडेलमध्ये कुठं दाखवलंय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी रावसाहेबकडं. सगळं खलास!

तेवढ्यात मामा दारातनं पुढं आले. पिशवीत हात घातला आणि टेबलावर दुसरा डीएनए ठेवला. हुबेहूब पहिल्यासारखा, घुंगरांसकट. छुम!

कमिटी खो खो हसत सुटली. चेअरमन चष्मा काढून डोळे पुसत "मंजूर! मंजूर!" म्हणत होते. सर टेबल धरून उभे, डोळ्यांत पाणी. मामांना मात्र कळेना, हसायला काय झालं.

"आता एकाच पायात घालून कोण फिरतंय व्हय?"