होसकोट्याचा ठिपका

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या ऑफिसात हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आमच्या आजोबांच्या काळातल्या एका बारीकशा भूकंपाचा नकाशा आम्हाला काढायचा होता. तेव्हाची वर्तमानपत्रं वाचायची, म्हातारी माणसं गाठायची आणि जिथं धक्का जाणवला तिथं ठिपका द्यायचा. महिन्याभराचं काम, पण यानं त्यात वर्ष घालवलं.

मी पेन उचललं की हा म्हणायचा, "स्वल्प थांबा." दिवा हलला म्हणतात, पण खिडकी उघडी होती का? भांडी वाजली, पण घरात मांजर होतं का? मेलेल्या माणसांची ही उलटतपासणी ऐकून माझं डोकं उठायचं.

बंगळूरजवळ होसकोट्याला त्यांच्या घरी तो धक्का बसल्याचं त्याचे वडीलच सांगायचे. मी खूश होऊन ठिपका दिला. यानं वडिलांनाही सोडलं नाही. "अप्पा, तुम्ही तेव्हा जागे होता?"

"झोपलो होतो रे."

"आणि आजी?"

"तीपण. सकाळी बाजारात ऐकून आली."

यानं ठिपका खोडला.

"एका ठिपक्यानं काय बिघडतं?" मी चिडून विचारलं.

"तिथं जमीन हलली असं ठरतं," तो म्हणाला.

नंतर एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो. अप्पा पाहुण्यांना तीच गोष्ट रंगवून सांगत होते. पलंग हलला, कौलं पडली. मी याच्याकडे रोखून पाहिलं. हा भातावर सारू वाढता वाढता थांबला.

"अप्पा," तो म्हणाला, "हंडे गडगडले ते सांगायचं राहिलं."